दुर्मीळ मोटारीची आयात : हौस, हिशेब आणि कायदा

कोल्हापूरच्या शाही दसऱ्याला छत्रपती घराण्याची मेबाख मोटार जेव्हा मिरवणुकीत येते, तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या हजारो माणसांच्या नजरा तिच्याकडे वळतात. १९३० च्या दशकातील ही जर्मन मोटार आज कोणी विकत घेऊ म्हटले तरी मिळणार नाही. अशा मोटारींचे आकर्षण केवळ राजघराण्यांपुरते उरलेले नाही. परदेशातील लिलावांची माहिती घरबसल्या मिळू लागल्यापासून नोकरदार, व्यावसायिक आणि निवृत्त मंडळींनाही एखादी जुनी, वेगवान, नामांकित मोटार आपल्या दारात असावी असे वाटू लागले आहे. हौसेला मोल नसते हे खरे. परंतु हौसेच्या वस्तूला मोल असते, आणि आयात केलेल्या मोटारीचे मोल तर तिच्या किमतीच्या कितीतरी पुढे जाते. प्रस्तुत लेखात हा निर्णय कोणत्या टप्प्यांनी घ्यावा, याचा विचार केला आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून भिलाईतील एका कुटुंबाचे उदाहरण कल्पिले आहे. विदर्भातून आलेली अनेक मराठी कुटुंबे या पोलादनगरीत पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक आहेत. १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन येथे कारखाना उभा राहिला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. समजा, अशा एका कुटुंबातील अभियंता निवृत्त झाला आहे. वय एकसष्ट. भविष्यनिर्वाह निधी, उपदान आणि आयुष्यभराची बचत मिळून बरीच रक्कम बँकेत मुदत ठेवीत आहे. मुलगी विवाहित, मुलगा परदेशात. तरुणपणापासून मनात घर करून बसलेली एक वेगवान मोटार आता आणावी, असे त्याला वाटते. पत्नीचा विरोध नाही, पण तिचा एक प्रश्न आहे : “ती आणून चालवणार कुठे?” हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अधिक खोल आहे, हे पुढे दिसून येईल.

पहिली पायरी : मोटारीचे वय

आयातीचा विचार करताना बहुतेक लोक प्रथम किंमत विचारतात. वस्तुतः पहिला प्रश्न मोटारीच्या वयाचा असला पाहिजे, कारण तेथेच अर्ध्याहून अधिक स्वप्नांचा निकाल लागतो.

भारताच्या विदेश व्यापार धोरणानुसार वापरलेली मोटार आयात करावयाची असल्यास ती निर्मितीच्या दिनांकापासून तीन वर्षांहून अधिक जुनी नसावी, तिचे सुकाणू उजव्या हाताला असावे आणि वेगमापक किलोमीटरमध्ये असावा, अशा अटी आहेत. अशा मोटारींसाठी मुंबई हे बंदर नेमलेले आहे. तीन वर्षांवरील मोटार विशेष परवान्याविना आणता येत नाही.

याला महत्त्वाचा अपवाद जुन्या ऐतिहासिक मोटारींचा. पूर्वी केवळ १ जानेवारी १९५० पूर्वी तयार झालेल्या मोटारींना ही सवलत होती. २०२५ च्या सुरुवातीस विदेश व्यापार महासंचालनालयाने ही मर्यादा बदलली आणि पन्नास वर्षांहून जुन्या मोटारी परवान्याविना, स्वतःच्या वापरासाठी आणण्यास मुभा दिली. ही मर्यादा सरकती आहे. म्हणजे दरवर्षी आणखी एका वर्षाच्या मोटारी तीत सामावल्या जातात.

याचा अर्थ असा की तीन वर्षे ते पन्नास वर्षे या दरम्यानच्या मोटारींसाठी दार जवळजवळ बंद आहे. उदाहरणातील अभियंत्याची पहिली पसंती निस्सान स्कायलाईन जीटी-आर या जपानी मोटारीच्या १९९९ साली आलेल्या पिढीला होती. जगभरातील शौकीन आज तिच्यामागे आहेत. तथापि त्या वर्षी तयार झालेली मोटार पन्नास वर्षांची होईल ती २०४९ साली. तेव्हा अभियंत्याचे वय पंचाऐंशीच्या घरात असेल. अशा प्रकारची मोटार “काहीतरी करून आणून देतो” असे सांगणारा मध्यस्थ भेटल्यास ग्राहकाने तेथेच थांबणे श्रेयस्कर. नियमात न बसणारी मोटार बंदरात उतरली, तर ती सीमाशुल्क विभागाकडून जप्त होऊ शकते. आणि निकाल लागेपर्यंत गोदामभाड्याचे चक्र चालूच राहते.

पन्नास वर्षांच्या पलीकडे मात्र निवडीला भरपूर वाव आहे. १९६१ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात प्रथम दिसलेली जॅग्वार ई-टाइप, १९६४ पासून बाजारात आलेली पोर्शे ९११, सत्तरच्या दशकाच्या उंबरठ्यावर आलेली डॅटसन २४०-झेड, या सर्व आता या मर्यादेत येतात. ब्रिटन व जपान या दोन्ही देशांत वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात. त्यामुळे उजव्या हाताच्या सुकाणूची मोटार तेथे मिळण्याची शक्यता अधिक.

दुसरी पायरी : एका रुपयाचे सव्वातीन रुपये

मोटार नियमात बसते हे निश्चित झाल्यावर हिशेब मांडावा. २०२५ च्या अर्थसंकल्पानंतर वापरलेल्या मोटारीवर ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ६७.५ टक्के कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर अशी रचना झाली. दोन्ही मिळून १३७.५ टक्के. त्यानंतर या वाढलेल्या मूल्यावर एकात्मिक वस्तू व सेवा कर लागतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या मोटारींसाठी तो ४० टक्के झाला.

हे आकडे एका उदाहरणाने पाहणे सोयीचे. मोटारीची किंमत, जहाजभाडे आणि सागरी विमा धरून बंदरापर्यंतचे मूल्य २५ लाख रुपये आहे, असे मानू या.

मूळ सीमाशुल्क : १७ लाख ५० हजार रुपये
उपकर : १६ लाख ८७ हजार ५०० रुपये
वरील दोन्हींसह मूल्य : ५९ लाख ३७ हजार ५०० रुपये
त्यावर ४० टक्के कर : २३ लाख ७५ हजार रुपये
एकूण : ८३ लाख १२ हजार ५०० रुपये

म्हणजे २५ लाखांच्या मोटारीवर ५८ लाखांहून अधिक कर भरावा लागतो. बंदरापर्यंत खर्च झालेला प्रत्येक रुपया बंदराबाहेर पडताना सुमारे सव्वातीन रुपयांचा झालेला असतो. ही गुणाकाराची रीत ध्यानात ठेवली म्हणजे अनेक गोष्टी उलगडतात. जहाजभाड्याचे तीन लाख रुपये हे प्रत्यक्षात जवळजवळ दहा लाख असतात, कारण शुल्क भाड्यावरही लागते. विनिमय दराचेही तसेच. व्यवहार ठरल्यापासून मोटार बंदरात येईपर्यंत रुपया दहा टक्क्यांनी घसरला, तर २५ लाखांचे साडेसत्तावीस लाख होतात; परंतु अंतिम खर्च अडीच लाखांनी नव्हे, तर आठ लाखांहून अधिक वाढतो. सीमाशुल्कासाठी आयातपत्र, म्हणजे बिल ऑफ एंट्री, सादर होण्याच्या दिवशी लागू असलेला शासकीय विनिमय दर धरला जातो. सौदा ठरला त्या दिवसाचा दर तेथे उपयोगी पडत नाही.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. खरेदीच्या पावतीवर कमी किंमत दाखवून शुल्क वाचविण्याचा सल्ला काही वेळा दिला जातो. सीमाशुल्क मूल्यांकन नियम, २००७ नुसार दाखविलेल्या किमतीबद्दल वाजवी शंका आल्यास अधिकारी ती नाकारू शकतात. दुर्मीळ मोटारींचे लिलावभाव आज जगजाहीर असल्याने अशी शंका यायला वेळ लागत नाही. उलटपक्षी, वर्गीकरण किंवा दर याबाबत प्रामाणिक संदिग्धता असल्यास दिल्ली व मुंबई येथील सीमाशुल्क आगाऊ निर्णय प्राधिकरणाकडे आयातीपूर्वीच अर्ज करून लेखी निर्णय मिळविता येतो. काही महिन्यांचा हा विलंब लाखो रुपयांच्या अनिश्चिततेपेक्षा स्वस्त पडतो.

शुल्काचा एक गाजलेला प्रसंग

आयात शुल्क ही किती गंभीर बाब आहे, याचे उदाहरण महाराष्ट्राला चांगले परिचयाचे आहे. २००२ साली सचिन तेंडुलकर यांनी कसोटी क्रिकेटमध्ये डॉन ब्रॅडमन यांच्या २९ शतकांची बरोबरी केली. त्यानिमित्त फियाट कंपनीने त्यांना फेरारी ३६० मोडेना ही मोटार भेट दिली आणि इंग्लंडमधील सिल्व्हरस्टोन येथे मायकेल शूमाकर यांच्या हस्ते ती त्यांना देण्यात आली. भारतात आणताना तिच्यावर सुमारे १ कोटी १३ लाख रुपये शुल्क आकारणी होत होती. केंद्र शासनाने ते माफ केले. त्यावर टीका झाली आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले. अखेरीस २००३ मध्ये कंपनीने शुल्क भरले. २०११ मध्ये ती मोटार सुरतच्या एका व्यावसायिकाने विकत घेतली.

या प्रसंगातून सामान्य ग्राहकाने घ्यावयाचा बोध साधा आहे. भेट म्हणून मिळालेली मोटारही शुल्कमुक्त नसते. परदेशातील मुलाने प्रेमाने वडिलांना मोटार पाठवावयाची ठरविली, तरी खरेदी त्याची आणि कर वडिलांचा, असा प्रकार होऊ शकतो.

तिसरी पायरी : पैसे कसे पाठवावेत

परदेशी विक्रेत्याला पैसे पाठविताना परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ लागू होतो. रक्कम अधिकृत बँकेमार्फतच जावी आणि मोटार देशात आल्यावर आयातपत्र बँकेला सादर व्हावे, हा त्यातील गाभा. वैयक्तिक वापराच्या वस्तूसाठी आयातदार-निर्यातदार सांकेतिक क्रमांकाची सक्ती नाही. परंतु व्यवहाराचे स्वरूप शाखेतील परकीय चलन विभागाला सुरुवातीसच सांगावे. मित्राच्या खात्यातून, हप्त्याहप्त्याने किंवा अन्य कारण दाखवून पाठविलेली रक्कम पुढे मोटारीच्या कागदपत्रांशी जुळत नाही आणि नोंदणीच्या वेळी अडचण उभी राहते.

विक्रेता अनोळखी असल्यास पतपत्राचा पर्याय असतो. त्यात खरेदीदाराची बँक, ठरलेली कागदपत्रे सादर झाल्यासच पैसे देण्याची हमी घेते. ही पद्धत सुरक्षित असली तरी तिची मर्यादा ग्राहकाने नीट समजून घ्यावी. १ जुलै २००७ पासून लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रथा-नियमांनुसार बँका कागदपत्रांचा व्यवहार करतात, मालाचा नव्हे. जहाज-पावती बिनचूक असेल तर पैसे दिले जातील. पेटीतील मोटारीची तळपट्टी गंजलेली आहे की नाही, हे बँक पाहत नाही. म्हणूनच पतपत्राच्या अटींत स्वतंत्र तपासनिसाचे प्रमाणपत्र हे एक आवश्यक कागदपत्र म्हणून घालावे. एवढी एक ओळ पुष्कळ नुकसान टाळू शकते.

कर्जाबाबतही स्पष्टता हवी. वाहनकर्जाच्या योजना साधारणतः नव्या अथवा काही वर्षे वापरलेल्या मोटारींसाठी आखलेल्या असतात. पन्नास वर्षांच्या मोटारीसाठी त्या बसत नाहीत. मग काही ग्राहक घर तारण ठेवण्याचा किंवा मुदत ठेवीवर कर्ज काढण्याचा विचार करतात. हौसेच्या वस्तूसाठी राहत्या घरावर बोजा चढविणे कोणत्याही हिशेबाने समर्थनीय ठरत नाही.

चौथी पायरी : मोटारीची पारख

दुर्मीळ आणि प्रसिद्ध या दोन गोष्टी एक नव्हेत. जॅग्वार ई-टाइप जगप्रसिद्ध आहे, पण तिच्या ७२ हजारांहून अधिक प्रती तयार झाल्या. याउलट वर पंखासारखे उघडणारे दरवाजे असलेली मर्सिडीझ ३०० एसएल फक्त १,४०० तयार झाली आणि टोयोटा २०००-जीटी तर अवघ्या ३५१. संख्या कमी असेल तर भाव चढतो हे सर्वांना कळते. सुटे भाग मिळणेही तितकेच अवघड होते, हे मात्र मोटार बंद पडल्यावर कळते. ई-टाइपचे जवळजवळ सर्व भाग आजही नव्याने बनविले जातात. भिलाईसारख्या ठिकाणी राहणाऱ्या ग्राहकाने सर्वांत दुर्मीळ मोटारीपेक्षा बऱ्यापैकी दुर्मीळ, परंतु भाग मिळणारी मोटार निवडणे शहाणपणाचे.

मोटार अस्सल आहे याची खात्री चेसिस आणि इंजिन यांवरील क्रमांकांवरून होते. कारखान्यातून निघताना जे इंजिन बसविले होते तेच आज आहे काय, हे मूळ नोंदींवरून पडताळता येते. जॅग्वारच्या बाबतीत त्या कंपनीचा वारसा न्यास असे प्रमाणपत्र देतो. अन्य अनेक कंपन्यांकडेही अशी सोय आहे. क्रमांक न जुळणारी मोटार वाईट नसते, पण तिचे मूल्य बरेच कमी असते, आणि शुल्क मात्र दिलेल्या किमतीवर भरावे लागते.

गंज हा दुसरा शत्रू. पोलादाच्या गावात आयुष्य काढलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. थंड देशांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. त्यामुळे दरवाज्याखालच्या पट्ट्या, तळ आणि जोडांच्या आतील भाग आतून पोखरले जातात. वरून नवा रंग दिलेला असला की छायाचित्रात काहीच दिसत नाही. लोहचुंबक लावून पाहिल्यास पुट्टीखालचा दोष उघड होतो. हे काम मोटारीजवळ उभ्या असलेल्या जाणकारानेच करावे.

इंधनाचाही विचार हवा. त्या काळातील अनेक इंजिने शिसेयुक्त पेट्रोलसाठी बनविलेली होती. भारतात असे पेट्रोल २००० साली बंद झाले. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोल मिळते. जुन्या रबरी नळ्या, जोड आणि कार्ब्युरेटरमधील गॅस्केट त्याने खराब होऊ शकतात. इंधनवाहिन्या व झडपांच्या बैठका बदलण्याचा खर्च खरेदीच्या दिवशीच हिशेबात धरावा.

पाचवी पायरी : नोंदणी आणि वापर

येथे पत्नीचा प्रश्न पुन्हा समोर येतो. २०२१ साली केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात राखलेल्या मोटारींसाठी नोंदणीची स्वतंत्र पद्धत लागू केली. विमापत्र, शुल्क आणि आयात मोटारीच्या बाबतीत आयातपत्र जोडून अर्ज करावा लागतो. नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत दहा वर्षे आणि पुनर्नोंदणीस ५ हजार रुपये. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. दुर्ग-भिलाईच्या रस्त्यांवर सर्वत्र दिसणाऱ्या ‘सीजी ०७’ या पाटीऐवजी या मोटारीवर ‘सीजी व्हीए’ अशी पाटी लागेल. पाहणाऱ्याला अभिमान वाटावा अशीच ही खूण आहे.

परंतु त्याबरोबर एक बंधन येते. अशी मोटार नेहमीच्या अथवा व्यावसायिक वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यांसाठीच ती बाहेर काढता येते. रोज संध्याकाळी सिव्हिक सेंटरला चक्कर मारण्यासाठी किंवा नातवंडांना मैत्रीबागेत नेण्यासाठी ती नाही. मुंबईहून ती भिलाईला आणावयाची तीही मालवाहू वाहनावर चढवून. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाल्याने नागपूरपर्यंतचा मार्ग सुकर झाला आहे. तेथून पुढे राष्ट्रीय महामार्ग ५३ थेट भिलाईतून जातो.

विम्याबाबत एक गोष्ट नमूद करावीशी आहे. पाच वर्षांवरील अथवा बंद झालेल्या मोटारींचे विमामूल्य विमा कंपनी आणि ग्राहक यांच्यातील समजुतीने ठरते. जाणकाराकडून लेखी मूल्यांकन करून घेऊन ते विमापत्रात नोंदविले नाही, तर अपघातानंतर मिळणारी रक्कम आणि झालेला खर्च यांत मोठी तफावत पडू शकते.

भारतातच असलेली मोटार

हे सर्व टाळून भारतात पूर्वीच आलेली मोटार घ्यावी, असाही एक मार्ग आहे. तिचे शुल्क कधीच भरले गेलेले असते आणि मोटार प्रत्यक्ष पाहता, चालवून पाहता येते. मात्र ते शुल्क खरोखर भरले होते काय, हे मूळ आयातपत्रावरून तपासलेच पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये केरळात, भूतानमार्गे बेकायदा आणल्याच्या संशयावरून सीमाशुल्क विभागाने अनेक ठिकाणी झडती घेऊन मोटारी ताब्यात घेतल्या. मोटार जप्त झाली म्हणजे नुकसान आजच्या मालकाचे होते, मग त्याने पूर्ण किंमत मोजलेली का असेना.

ज्यांना वेगाची आणि यंत्राची ओढ आहे, त्यांच्यासाठी आणखी सोपा मार्ग दुचाकींचा. १९८० च्या दशकात भारतातच बनलेली राजदूत ३५० किंवा यामाहा आरएक्स १०० स्वतःच्या हाताने दुरुस्त करून पूर्ववत करण्यात जो आनंद आहे, तो कमी प्रतीचा नाही. आणि त्यासाठी बंदराचे तोंड पाहावे लागत नाही.

शेवटचा हिशेब

उदाहरणातील कुटुंबाने अखेर एक कागद घेतला. एका बाजूला ८३ लाख, वाहतूक, नोंदणी, दुरुस्ती मिळून सुमारे ८५ लाखांचा आकडा मांडला. सात टक्के व्याज गृहीत धरले, तर एवढी ठेव वर्षाला ५ लाख ९५ हजार, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५० हजार रुपये देते. ज्यांचा घरखर्च या व्याजावर चालतो, त्यांच्यासाठी ही मोटार म्हणजे दरमहा ५० हजारांचे उत्पन्न कायमचे सोडून देणे होय. दुसऱ्या बाजूला तीन प्रश्न लिहिले. ही रक्कम परत मिळाली नाही तर दोघांच्या औषधपाण्यावर परिणाम होईल काय? मोटार वर्षातून किती दिवस बाहेर निघेल? आणि अभियंत्याचे हात थकल्यावर तिची देखभाल कोण करील?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘होईल’ असे आले, तेव्हा उरलेल्या दोहोंची गरज राहिली नाही. आयातीचा बेत त्यांनी बाजूला ठेवला आणि नागपुरात विक्रीस असलेल्या एका जुन्या दुचाकीची चौकशी सुरू केली. अन्य एखाद्या कुटुंबाचे उत्तर ‘होणार नाही’ असे असू शकते. ठेवी सुरक्षित ठेवून उरणारी रक्कम ज्यांच्याकडे आहे आणि जुन्या यंत्राची सेवा करण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी ही हौस अवश्य पुरी करावी. अशा मोटारींमुळे तंत्रज्ञानाचा इतिहास जिवंत राहतो.

गुंतवणूक म्हणून मात्र कोणीही या वाटेला जाऊ नये. भारतात आणण्यासाठी भरलेला कर विकताना परत मिळेलच याची खात्री देता येत नाही. निर्णयापूर्वी चालू दर सीमाशुल्क दलालाकडून लेखी घ्यावेत, आयातीच्या व विक्रीच्या अटी विदेश व्यापार महासंचालनालयाच्या अधिसूचनेत प्रत्यक्ष वाचाव्यात आणि पैसे पाठविण्यापूर्वी आपल्या शाखेतील अधिकाऱ्यांशी एकदा सविस्तर बोलावे. मोटार पन्नास वर्षे थांबली आहे. ग्राहकाने आणखी पन्नास दिवस थांबून हिशेब पुरा केला, तर तिचे काही बिघडणार नाही.